खुर्चीची हरकत

आमच्या घरात सात खुर्च्या आहेत आणि माझ्या नणंदेच्या मंडळात सहा सभासद. पुढचा सगळा घोळ सातव्या खुर्चीनं केला.

वन्संना शाळेनं मुदतीआधी निवृत्ती दिली. "मी घेतली," असं त्या म्हणतात. शुक्रवारी निरोप समारंभ झाला आणि सोमवारी त्यांनी सर्वजीव स्नेह मंडळ काढलं. मधले दोन दिवस त्यांनी कसे काढले हे मला आजवर कळलेलं नाही.

सभा दर शनिवारी दुपारी चार वाजता, आमच्या पुढच्या खोलीत. वन्सं राहतात वरच्या मजल्यावर, पण, "वहिनी, खुर्च्या तुमच्याकडे आहेत ना!" त्याच खोलीत माझं शिवणयंत्र असतं. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश असलं काही मी शिवते. सभा असली की यंत्र बंद ठेवायचं, खाली सतरंजीवर बसून आवाज न करता काजं करायची आणि मधे सोयाच्या दुधाचा चहा द्यायचा. त्या चहाबद्दल मी एवढंच म्हणेन की तो गरम असे.

सातव्या खुर्चीवर मीच शिवलेली हिरवी गादी, आणि पाठीला पुठ्ठ्याची पाटी: 'प्राणिमात्र'. "निर्णय आपण त्यांच्याविषयी घेणार, मग त्यांना बसायला जागा नको?" असं वन्संनी विचारलं तेव्हा, खरं सांगते, मला ते मनापासून पटलं होतं. नियमही झाला, क्रमांक चार. ठराव मंजूर करण्याआधी चिटणिसांनी खुर्चीकडे वळायचं, "प्राणिमात्रांची काही हरकत?" असं विचारायचं आणि भिंतीवरच्या घड्याळात बघत अर्धा मिनिट थांबायचं. हरकत आली तर ठराव बाद.

खुर्ची बिचारी काय बोलणार? तीन महिन्यांत एकवीस ठराव बिनविरोध पार पडले.

चिटणीस म्हणजे सगळा जन्म नोंदणी कार्यालयात घालवलेला माणूस. सभेत कुणी शिंकलं तरी वेळेसकट वहीत उतरायचं. दुसऱ्या महत्त्वाच्या म्हणजे आहारबाई. त्या जगातल्या प्रत्येक जिवाला काय खायला घालावं हे जाणत होत्या. कुठं शिकल्या विचारलं तर म्हणत, "फोनवर सगळं आहे." बाकीचे तिघे हात वर करायला असत. आणि अध्यक्षपदी वन्सं, मांडीवर चामड्याची पर्स घेऊन. त्या पर्सबद्दल मी एकदा विचारलं होतं. "ती गाय माझे विचार बदलायच्या आधीच गेली होती, वहिनी."

आता घरातल्या माणसांबद्दल. आमचे हे महिन्यातले वीस दिवस कामानिमित्त बाहेर असतात आणि उरलेले दहा दिवस बहिणीपुढे गप्प असतात. मामंजी, म्हणजे माझे सासरे, चौऱ्याऐंशीचे. टपाल कार्यालयात पत्रं वेगळी करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्यापासून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. अपवाद फक्त मुकादमाचा.

मुकादम हा आमचा बोका. वय तेरा, डावा कान फाटका. मी कापायला कापड पसरलं की नेमका त्यावर येऊन बसायचा आणि माझ्या कामावर देखरेख करायचा, म्हणून नाव मुकादम. मामंजी रोज सकाळी त्याला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवत. मग उकडलेल्या मासळीचे काटे थरथरत्या बोटांनी काढून एकेक तुकडा त्याच्यापुढे ठेवत. दिवसभरात दोन्ही हातांनी केलेलं त्यांचं तेवढं एकच काम.

विसावा ठराव आमच्या घराला 'आदर्श घर' करण्याचा होता. चाळीस दिवस घरात फक्त वनस्पतींपासून झालेलं अन्न, मग अशा सगळ्या मंडळांची केंद्रीय समिती पाहणीला येणार आणि दाराला पितळी पाटी लागणार. माझी काही तक्रार नव्हती. डाळी, भाज्या, शेंगदाण्याचं कूट आम्हाला काय नवीन? वन्सं रोज सकाळी खाली येऊन फ्रिज उघडून बघायच्या, तेवढं मी सोसलं. पण एकविसाव्या ठरावात एक ओळ घुसली: 'प्राण्याच्या शरीरापासून आलेली वस्तू, ती कोणत्याही तोंडासाठी असो, घरात येणार नाही.'

हे कोणतंही तोंड कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चिटणिसांनी खुर्चीला विचारलं. खुर्ची गप्प बसली. मीही गप्प बसले. खुर्चीला निदान कारण होतं.

मुकादमासाठी आहारबाई स्वतः लगदा करून आणायच्या. वाटाणा, सोया, भोपळा. पहिल्या दिवशी त्यानं वाटीचा वास घेतला आणि ती पुरायला माती शोधावी तसा फरशीवर पंजा घासत राहिला.

"सवय होईल," आहारबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यालाही झाली."

नवऱ्याचं माहीत नाही. मुकादम जिवावर आल्यासारखा दोन घास खायचा आणि निघून जायचा. महिन्याभरात पाठीचा कणा हाताला लागायला लागला. कापडावर चढेनासा झाला. खाली बसूनच माझ्याकडे बघायचा. मामंजी वर्तमानपत्र वाचत, पण त्यांचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. शेवटी मी शिवणाच्या टोपलीत घालून त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मी काही भलतं सांगेन म्हणून वन्संही बरोबर आल्या.

डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर ठेवलं, डोळ्यांत प्रकाश टाकून पाहिलं. "खायला काय देता?"

"वाटाणा, सोया, भोपळा आणि प्रेम," वन्सं म्हणाल्या.

"प्रेम चालू ठेवा. बाकीचं बंद करा."

"हा आमच्या तत्त्वाचा प्रश्न आहे, डॉक्टर."

"तुमच्या ना? मग तुम्ही पाळा. बाई, मी स्वतः वीस वर्षं मांस खाल्लेलं नाही. पण मी मांजर नाही. त्याला मांस लागतंच, शरीर तसं घडलंय त्याचं. असंच चाललं तर आधी डोळे जातील, मग हृदय."

बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "विकला गेलेला माणूस आहे."

"कुणाला?"

"ते शोधावं लागेल."

पण त्या घाबरल्या होत्या. घरी येईपर्यंत एक हात टोपलीच्या झाकणावर होता. मला वाटलं, सुटलो. तर पुढच्या शनिवारी सकाळीच वन्सं बाविसाव्या ठरावाचा मसुदा घेऊन खाली आल्या. मुकादमाचं 'मतपरिवर्तन होत नसल्यामुळे' त्याला गावाबाहेरच्या निवाऱ्यात हलवावं. सोमवारी गाडी येईल, बुधवारी समिती. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये साठ मांजरं आहेत आणि त्यांना मांसही मिळतं, कारण तो निवारा आदर्श नाही. तेरा वर्षांचा बोका अशा ठिकाणी किती दिवस काढेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या सकाळी मी मामंजींना सांगून टाकलं. त्यांनी वर्तमानपत्र न वाचता घडी घालून ठेवलं.

दुपारी सभा भरली. मामंजी आतल्या खोलीच्या दाराशी बाजेवर. वन्संनी ठराव वाचला, 'करुणा' हा शब्द चार वेळा आला. पाच हात वर झाले, मग अध्यक्षांचा सहावा. चिटणीस सातव्या खुर्चीकडे वळले.

"प्राणिमात्रांची काही हरकत?"

आणि घड्याळाकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात मुकादम आला. भिंतीला अंग घासत, सावकाश. खुर्चीखाली थांबून त्यानं वर पाहिलं. पहिली उडी फसली. दुसरी कशीबशी साधली. हिरव्या गादीवर एक गिरकी घेऊन तो बसला आणि डोळे मिटले.

"हट्! हट्!" चिटणीस ओरडले. "ऊठ तिथून! ती प्राण्यांची जागा आहे!"

कुणी हसलं नाही. मला हेच सांगायचंय, की त्या खोलीत कुणीही हसलं नाही. उलट आहारबाईंनी भूतदयेचं पत्रक गुंडाळलं आणि मुकादमाच्या पाठीत दोन फटके घातले. "समितीसमोर या गादीवर केस दिसले तर?"

मुकादमानं नखं गादीत रोवली, मान वर केली आणि असा घोगरा, लांबलचक आवाज काढला की माझ्या हातातली सुई पडली.

मग दुसरा एक आवाज आला. गंजलेली कडी निघावी तसा. मामंजी हसत होते. काठी टेकत ते पुढच्या खोलीत आले.

"चिटणीस, किती सेकंद झाले होते?"

"अं? बावीस."

"म्हणजे मुदतीत आली."

"काय आली?"

"हरकत."

चिटणिसांनी वहीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग वन्संकडे. नियम क्रमांक चार त्यांच्याच अक्षरात होता.

"अहो, ते मांजर आहे!" आहारबाई म्हणाल्या.

"मग तुम्ही वाट कुणाची बघत होतात?" मामंजी म्हणाले. "घोड्याची?"

वन्संचा चेहरा लाल झाला. "बाबा, तुम्ही सभासद नाही. तुम्हाला बोलता येणार नाही."

"मी कुठं बोललो, माई? तो बोलला."

दोन वर्षांत मामंजींनी लेकीशी बोललेलं हे पहिलं वाक्य. चिटणिसांनी खाली बसून लिहायला घेतलं. मी नंतर वही पाहिली: 'प्राणिमात्रांतर्फे हरकत, तोंडी, एक. ठराव बाद.' वेळही लिहिली होती.

मी काजाचा दोरा तोडला, उठले आणि पिशवी घेतली.

"कुठं निघालात, वहिनी? चहा व्हायचाय."

"मासळी आणायला."

आणि मी गेले, पुढच्याच दारानं, सहा जणांच्या मधून. त्या संध्याकाळी मामंजींनी काटे काढायला पाऊण तास घेतला. मुकादमानं खायला दोन मिनिटं.

पितळी पाटी आहारबाईंच्या दाराला लागली. त्यांच्या घरी कुठलाच प्राणी नाही, त्यामुळे काही अडचण आली नाही.

वन्सं नऊ दिवस खाली उतरल्या नाहीत. दहाव्या दिवशी सकाळी आल्या, सवयीनं फ्रिज उघडला, डबा पाहिला आणि पुन्हा लावला. मुकादम माझ्या कापडावर बसला होता. त्या त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या आणि त्याच्या डोळ्यांपुढून बोट हलवलं. त्यानं बोटाबरोबर मान फिरवली.

"दिसतंय ना त्याला, वहिनी?"

"दिसतंय."

"हं," म्हणाल्या. मग पर्समधून एक कागद काढला. "एक काम होतं. सभा आता चिटणिसांकडे होतात. सातव्या खुर्चीवर बसवायला ससा हवाय. कापडाचा, एवढा. आत कापूसच भरा, लोकर नको. तुमच्याशिवाय कोण शिवून देणार?"

मी शिवून दिला. पांढरा, गुबगुबीत, समजूतदार चेहऱ्याचा. तोंड शिवताना टाके घट्ट घातले. डावा कान मात्र थोडा फाटका ठेवलाय. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

ऐकते, त्यानंतरचे सगळे ठराव बिनविरोध मंजूर झालेत.