उलटा फिल्टर

झाकणाचा तिसरा बोल्ट चिकटून बसला होता. हद्दूने त्यावर पाना चढवला, गुडघा जमिनीला टेकवला आणि एकच हिसका दिला. बोल्ट करकरला आणि सुटला. दुसऱ्या एका मोटारसायकलीच्या ऑइल फिल्टरचं झाकण तडकलं होतं, नवं यायला आठवडा लागला असता. तेव्हा दोन महिने कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या या मेलेल्या इंजिनाचं झाकण काढून तिला लावायचं, एवढंच काम होतं.

झाकण निघालं. आतली स्प्रिंग बाहेर आली. तिच्यामागे फिल्टर दिसला आणि हद्दूचा हात तिथेच थांबला.

या फिल्टरला दोन तोंडं असतात. एक भोकाचं, एक बंद. भोकाचं तोंड आत, इंजिनाकडे जातं. गाळलेलं ऑइल त्यातूनच पुढे सरकतं. इथे भोक बाहेर होतं. त्याच्याकडेच बघत होतं. म्हणजे बंद तोंड आत, ऑइलची वाट बंद आणि इंजिन बिचारं कोरडं घासत घासत मेलेलं.

"काय रे, विंचू निघाला की काय?" उंबऱ्यावरून बस्सूने विचारलं. म्हातारा बस्सू दर आठवड्याला डबा घेऊन जळकं ऑइल न्यायला यायचा. उंटांच्या खरजेवर त्यासारखं औषध नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

"काही नाही. जुना फिल्टर आहे."

"मग तोंड का उतरलं?"

"उकडतंय," हद्दू म्हणाला आणि फिल्टर उपसून त्याने डगल्याच्या खिशात टाकला. बस्सूला फिल्टरमधलं काडीचं कळत नव्हतं, तरी हद्दूने पाठ फिरवून तो लपवला. तीस वर्षांत या दुकानात त्याने कुणापासून काही लपवलं नव्हतं. लपवावं लागेल असं काही केलंच नाही, अशी त्याची समजूत होती.

त्या इंजिनाला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. रमजानचा महिना होता. रोजा सुटायला तासभर उरलेला, आणि तय्यबच्या तीन मोटारसायकली ओळीने उभ्या. तय्यब पर्यटकांना मोटारसायकलींवरून वाळवंटात नेण्याचा धंदा करायचा. सकाळी सहाला तिन्ही गाड्या तयार हव्या होत्या. हद्दू एरवी दिवसाला दोन पाकिटं ओढणारा माणूस. पहाटेपासून सिगारेट नाही, पाणी नाही, डोकं भणभणत होतं. शेजारच्या घरातून रोजा सोडायच्या हरीरा सुपाचा वास येत होता. त्याने ऑइल उतरवलं, जाळी धुतली, फिल्टर बदलले, बोल्ट आवळले, नवं ऑइल भरलं. फिल्टर कसा घातला ते त्याला आता आठवत नव्हतं. आठवण्यासारखं त्यात काय असतं? जेवताना घास कुठल्या बोटांनी उचलला ते कुणाला आठवतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातली एक गाडी मेर्झूगा गावाच्या पलीकडे वाळूत इंजिन जाम होऊन बंद पडली. ती चालवत होता तय्यबचा वाटाड्या झायद. संध्याकाळी गाडी पिकअपमध्ये घालून आणली, तेव्हा दुकानासमोर वीसेक माणसं जमली होती. हद्दूने खालचा बोल्ट सोडला, ऑइल दोन बोटांत चोळलं, हुंगलं. नुसत्या वासावरून गाडीचा रोग ओळखणारा उस्ताद अशी त्याची ख्याती होती, आणि ख्याती म्हटली की माणसाला ती सगळ्यांसमोर मिरवावीशीही वाटते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"दामटून मारलीय," तो म्हणाला. "ऑइलकडे बघितलेलं नाही."

"बघितलं होतं, उस्ताद," झायद म्हणाला. "खुणेपर्यंत होतं."

"थंड इंजिनावर बघितलं असशील. गाढवाला गुळाची चव काय!"

लोक हसले. तय्यब हसला नाही. त्याने झायदच्या हातातून किल्ली काढून घेतली. आणि दैवाची चेष्टा अशी की झायदला पुढे काम मिळालं ते रिसानीच्या बाजारात, गाढवांच्या तळावर. बाजाराच्या दिवशी गावोगावचे लोक येऊन आपापली गाढवं तिथे बांधतात. ती राखायची, भांडली तर सोडवायची. ज्याच्या मागे परदेशी माणसं माना खाली घालून, तो नेईल तिकडे जात होती, तो आता शेण चुकवत चालत होता.

तीन दिवस फिल्टर हद्दूच्या खिशात होता. दुकानामागे जळक्या ऑइलचं पिंप होतं. त्यात टाकला असता तर बुडाशी गेला असता आणि कयामतपर्यंत कुणाला दिसला नसता. दोनदा तो पिंपापर्यंत गेलाही. रात्री बायकोने, इत्तोने, डगल्यावरचा तेलाचा डाग पाहून विचारलं, "खिशात काय गळतंय?" तर तो तिच्यावर खेकसला. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की जेवता जेवता उठून गेला.

रविवारी बाजार होता. सांगून टाकायचं असं ठरवून तो गाढवांच्या तळावर गेला. शेकडो गाढवं, आणि त्यांच्यात झायद. त्याने लांबूनच हद्दूला पाहिलं, हात पायजम्याला पुसले आणि लगबगीने आला.

"उस्ताद, तुम्ही इकडे? गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"उन्हात उभे राहू नका. इकडे सावलीत या." त्याने एक गाढव ढकलून जागा केली. "चहा आणू?"

हद्दूने खिशात हात घातला. फिल्टर बोटांना लागला.

"नको," तो म्हणाला. "सहज आलो होतो. मुलं बरी आहेत ना?"

"तुमच्या आशीर्वादाने."

त्याच्या आवाजात टोमणा असता तर हद्दूला सोसला असता, उलट बरंच वाटलं असतं. पण टोमणा नव्हताच. तो आशीर्वादच म्हणत होता. हद्दू मागे वळला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते काय असतं, हे त्याला त्या वाटेवर कळलं.

वाट बाजारातल्या चहाच्या दुकानावरून जात होती. बाहेरच्या बाकांवर तय्यब होता, बस्सू होता, आणखी पाचसात जण होते. हद्दू थांबला. आता थांबलो नाही तर कधीच नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने फिल्टर काढून चहाच्या ग्लासांमध्ये ठेवला.

"तय्यब, झायदच्या गाडीतला आहे हा. मी उलटा बसवला होता. इंजिन माझ्यामुळे गेलं."

तय्यबने फिल्टर उचलला, खालीवर करून पाहिला, परत ठेवला. मग तो हळूहळू हसायला लागला. प्रेमाने, मान हलवत.

"उस्ताद, तुमचं मन फार मोठं आहे."

"मन कसलं? मी उलटा बसवला!"

"तळावरून येताय ना आत्ता? मला इथून दिसलात. त्या पोराची दशा बघून जीव कळवळला तुमचा. मलाही वाईट वाटतं, काय सांगू. पण म्हणून हे अंगावर घ्यायचं?"

"रोज्याचा महिना होता," हद्दू म्हणाला. "डोकं ठिकाणावर नव्हतं माझं."

"रोज्यात माणूस उपाशी असतो, आंधळा नसतो," बस्सू म्हणाला. "आणि तू? झोपेत इंजिन खोलून बांधशील."

"अरे, मी सांगतोय ना! तुम्हाला कळत कसं नाही?" हद्दूचा आवाज चढला. "अल्लाची शपथ, मीच!"

आता मात्र सगळे गंभीर झाले. तय्यबने उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बास, उस्ताद, बास. शपथेपर्यंत नेऊ नका. तुमच्या शब्दाखातर मी झायदला परत घेतो. उद्यापासून येऊ दे त्याला. झालं समाधान?"

"आणि तू खोट्या शपथेचं प्रायश्चित्त म्हणून तीन रोजे धर आता," बस्सू म्हणाला. "दुसऱ्यासाठी कोण एवढं करतो आजकाल!" कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने तर डोळे पुसले. कुणीतरी हद्दूसाठी चहा मागवला, साखर जास्त घालून.

हद्दूने झायदला मान खाली घालायला लावली, तेव्हा एका शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. आता तो स्वतःची मान पुढे करत होता, तर कुणी हात लावायला तयार नव्हतं. हद्दू तो गोड चहा प्यायला. न पिऊन करतो काय? गावात तो अजून मोठा झाला होता, आणि ते मोठेपण डगल्यावरच्या डागासारखं धुतलं जात नव्हतं. इत्तोलासुद्धा बायकांनी विहिरीवर सांगितलं. ती घरी येऊन म्हणाली, "असं कुणी करतं होय!" आणि त्याच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा घातला. त्याने तिला तीन वेळा खरं सांगितलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "बरं बरं, तुम्ही म्हणाल तसं."

महिन्याभराने झायद गाडी घेऊन दुकानात आला. हजार किलोमीटर झाले होते, ऑइल बदलायचं होतं. हातात फडक्यात बांधलेली गरम मदफूना रोटी होती. तुदाने, त्याच्या बायकोने, उस्तादासाठी मुद्दाम खिमा भरून भाजलेली. त्याने वाकून हद्दूच्या डोक्याचं चुंबन घेतलं. दुकानात दोघंच होते.

"बस," हद्दू म्हणाला. "आज तुला बघायचंय मी काय करतो ते."

त्याने कोमट ऑइल परातीत उतरवलं. बोल्टाच्या चुंबकावरचा काळा कीस पुसला, तांब्याचं वॉशर नवं घातलं. हवेच्या फिल्टरमधून मूठभर वाळू निघाली; तो पेट्रोलमध्ये धुऊन वाळत टाकला. साखळी साफ करून ताणली. प्रत्येक गोष्ट तो बोलून सांगत होता आणि झायद मान डोलवत होता.

"झायद," हातातलं फडकं खाली ठेवून हद्दू म्हणाला. "इतर कुणी नाही मानलं तरी चालेल. तू मान. ते इंजिन मी मारलं."

झायदने मान खाली घातली.

"उस्ताद, तुमच्यापासून काय लपवू? त्या दिवशी दोन स्पॅनिश पोरांनी मला चिथावलं होतं. मी गाडी टेकडीवर दामटली. दोनदा. तय्यबला मी सांगितलं नाही. पण तुम्ही नुसत्या वासावरून ओळखलंत." त्याने वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. "माझं पाप तुम्ही चार माणसांत अंगावर घेतलंत. माझ्या बापानेही घेतलं नसतं."

"टेकडीवर दामटून इंजिन मरत नाही रे! त्यासाठीच बनलीय ती गाडी!"

"तुम्ही असंच म्हणणार."

हद्दूने नवा फिल्टर उचलला आणि झायदच्या हातात दिला. त्याचं बोट धरून भोकात घातलं.

"हे भोक. हे आत जातं. इंजिनाकडे. उलटं गेलं की ऑइल बंद, गाडी बंद, आणि तू वाळूत. कळलं?"

"कळलं."

"परत सांग."

"भोक आत, इंजिनाकडे."

"आता माझ्या हाताकडे बघ."

हद्दूने फिल्टर परत घेतला. झायदच्या नाकासमोर तो उलटा धरला, बंद तोंड पुढे. हळूहळू, एखाद्या पोराला घास भरवावा तसा, त्याने तो इंजिनात घातला. भोक बाहेर राहिलं. दोघांच्या मध्ये, उजेडात. हद्दूने हात बाजूला घेतला, म्हणजे झायदला नीट दिसावं.

"बघितलंस?"

"बघितलं, उस्ताद."

"बरोबर आहे?"

झायद हसला. "तुमचा हात आणि चुकेल?"

त्याने स्प्रिंग पुढे केली. हद्दूने ती घातली. त्याने झाकण पुढे केलं. हद्दूने ते लावलं. मग एक बोल्ट. मग दुसरा. हद्दू प्रत्येक वेळी त्याच्या तोंडाकडे बघत होता आणि त्या तोंडावर फक्त कृतज्ञता होती, काठोकाठ. परवा हीच गाडी घेऊन तो सहा जणांना मेर्झूगाच्या पलीकडे नेणार होता.

दुसरा बोल्ट आवळून झाला. हद्दूचा पाना हातातच राहिला.

"हा एक राहिला, उस्ताद," झायद म्हणाला, आणि तिसरा बोल्ट फडक्याने स्वच्छ पुसून त्याने दोन्ही हातांनी पुढे केला.