फाटकाला मारलेली गाठ

प्लेगनंतरच्या वर्षी सुरत अशी काही चकाचक झाली, की मोकाट गायींना बसायला उकिरडा उरला नाही. त्या उचलून पलसाण्याच्या वाटेवरच्या एका पांजरपोळात भरल्या, आणि तिथे माणूस हवा झाला. पगार यथातथाच, पण सोबत राहायला खोली.

त्या खोलीपायी प्रमिलाबाईची झोप उडाली. डिंडोलीत एका खोलीत ती, नवरा भिकन, थोरले दीर, जाऊ, त्यांची चार पोरं आणि जावेची जीभ एवढी मंडळी राहत. पैकी जिभेलाच जागा जास्त लागे.

भिकन लूमवरचा कारागीर. पण गुरांचं नाव निघालं की त्याची छाती फुगे. "आमच्या गावी चाळीस गायी! मी नुसतं पाहिलं तरी पान्हा सोडत." प्रमिलाबाई लग्न होऊन त्या गावी गेली, तेव्हा दारात एक बकरी होती. तीही शेजाऱ्यांची.

पांजरपोळ सांभाळायची चंचलबा. तपकिरीची डबी हातात, आवाज लोण्यासारखा. नवराबायको कामासाठी तिथे पोचली, त्या दिवशी वासरांना खुरकुताची लस टोचायची होती. एकेक वासरू वाड्यातून बांबूंच्या अरुंद बोळात न्यायचं. बोळाच्या टोकाला जनावरांचा डॉक्टर सुई घेऊन उभा.

"जो भाई," चंचलबा म्हणाली, "गाय अने वाछरडानी वच्चे नहीं जवानुं. मध्ये घुसायचं नाही. ओरडायचं नाही, शेपूट पिरगाळायची नाही. कुंपणाच्या कडेकडेनं चालायचं, आपली पळायची वाट मोकळी ठेवायची. आज जमलं तर खोली तुमची."

पगारवाढीचं बोलणं शेठ ज्या कानानं ऐकतो, त्याच कानानं भिकननं हे ऐकलं. आत शिरला आणि फाटकाला दोरीची गाठ मारली. आता उभा जन्म तुटलेला धागा जोडण्यात गेलेला माणूस. त्याच्या बोटांना एकच गाठ ठाऊक. कापड फाटेल, पण ती सुटणार नाही. वाड्याच्या फाटकाला मात्र एका झटक्यात सुटणारी गाठ लागते. पण चाळीस गायींच्या मालकाला कोण सांगणार?

"हुर्रर्र!" भिकननं चोवीस लूमच्या खडखडाटावर चढणारा आवाज लावला. सगळा वाडा कान टवकारून कोपऱ्यात दाटला. नुकतीच व्यालेली एक तांबडी गाय तेवढी जागची हलली नाही. भिकन सरळ तिच्यापुढे गेला आणि तिचं वासरू उचलून छातीशी धरलं. गाय फुरफुरली, मान खाली घातली.

"पाहा, ओळख काढतेय!" भिकन म्हणाला.

तिनं ओळख काढली ती अशी, की भिकन वासरासकट वर गेला. किती वर? भेस्तान स्टेशनात कोणती गाडी उभी आहे ते वाचता आलं, असं तो पुढे शपथेवर सांगे. खाली आला तो पाण्याच्या हौदात. तिथून उठून फाटकाकडे धावला, वासरू अजून कवेतच, आणि मागे त्याची आई.

गाठ सुटेना. प्रमिलाबाईनं बाहेरून नखं लावली, दात लावले. गाठ पक्की कारागिराची!

"अहो, ते वासरू खाले ठेवा ना!"

"सोडी दिसू तं खोली कोन देई?"

"तुम्ही मेले तं खोली मनी एकटीनी व्हई! तेच पाहिजे का?"

खोली तिच्या एकटीची होणार, हा मुद्दा भिकनला एकदम पटला. त्यानं वासरू खाली ठेवलं.

"आता पाठ कुंपणाला लावा. सरका. बोलू नका. जन्मात एकदा तरी बोलू नका!"

भिकन सरकला. गायीनं त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती वासराला चाटत सुटली.

मग प्रमिलाबाई पदर खोचून कुंपणावरून आत उतरली. डिंडोलीची खोली आठवली आणि गाय बरीच गरीब वाटली. ती कडेकडेनं गेली, वासराच्या मागच्या अंगाला थांबली. एक पाऊल पुढे, मग नुसती उभी. वासरू चालू लागलं, त्याच्यामागे आई. जावाजावा देवळात निघाव्यात तशी दोघं बोळात शिरली. सुई टोचून झाली तरी कुणी हंबरलं नाही. त्या दोघांच्या मागोमाग, प्रमिलाबाईनं न ओढता, बाकीचीही वासरं एकेक करून गेली.

फाटक शेवटी विळ्यानं दोर कापून उघडावं लागलं. चंचलबानं कमरेची खोलीची किल्ली काढली. भिकननं हात पुढे केला. किल्ली त्या हाताला वळसा घालून प्रमिलाबाईच्या हातात गेली.

"काम आ बेननुं," चंचलबा म्हणाली. "या बाईचं. भाई शेण काढेल. कुंपणाच्या बाहेरचं."

"म्हणजे नोकरी लागलीच की!" भिकन डॉक्टरला सांगू लागला. "मी मुद्दामच तिला पुढं केलं."

प्रमिलाबाईनं खोली उघडली, आत गेली, दार लावलं आणि भिंतीला टेकून बसली. कुणीच काही बोलत नव्हतं. केवढी श्रीमंती! इतक्यात दार वाजलं.

"अय, मी शे! उघड ना!"

"आधी हौदावर जाऊन पाय धुवा," आतून आवाज आला. "माझ्या घरात शेण चालत नाही."