तांबड्या पेन्सिलीशिवाय

चर्चच्या पाळकांच्या उपदेशाच्या कागदांवर समासात तांबड्या पेन्सिलीच्या खुणा असत. उभी रेघ म्हणजे श्वास, दोन रेघा म्हणजे विराम, खाली वळलेला बाण म्हणजे आवाज उतरवायचा. आणि एक छोटा पोकळ गोल, जो अख्ख्या उपदेशात एकदाच यायचा. त्याचा अर्थ घरातल्या तिघांनाच ठाऊक होता: इथे घसा दाटावा.

प्राचीन ग्रीक-रोमी वक्त्यांनी न्यायसभेसाठी घडवलेली वक्तृत्वाची कला पाळकांनी व्यासपीठावर आणली होती, आणि पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या वर्गात तीस वर्षे शिकवलीही होती. "सत्य गबाळ्या कपड्यांत आलं म्हणून खोटं ठरत नाही," ते म्हणत, "पण त्याला दार कोण उघडणार?" विद्यार्थी हसत, आणि पाठीमागे त्यांना सोनजिभ्या म्हणत. हे नाव त्यांच्या कानावर आले होते. ते त्यांना आवडतही असे.

लेक सहा वर्षांची असल्यापासून शनिवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसे. मांडीवर गजराचे घड्याळ. विरामात ती मनातल्या मनात आकडे मोजी, आणि डोळे भरून आले की हात वर करी. जिथे हात वर होई, तिथे पाळक गोल काढीत.

"झालं का पोरीला रडवून?" बायको चुलीपाशी पाठमोरी उभी राहून म्हणे. "आता पानं घेते. देवाचा शब्द थांबेल, भात थांबायचा नाही."

बायको आजारी पडली त्या वर्षी पाळकांनी सहनशीलतेवर उपदेश केला होता. सुट्टीवर आलेल्या लेकीच्या हाती तो कागद लागला. 'सकाळी तिच्या उशीवर केस सापडले' या ओळीपुढे तांबडा गोल होता.  तेव्हापासून ती वडिलांशी फक्त औषधांच्या वेळांबद्दल बोले.

आता औषधांच्या वेळाही संपल्या. दफनाच्या आदल्या दुपारी ती स्वयंपाकघरात बाटल्या धूत होती.

"उद्या तुम्हीच बोलणार?"

"मीच बोलायला हवं."

"मग एवढं करा, बाबा. कागद नको. खुणा नकोत. एकच वाक्य बोला, पण आधी म्हणून न पाहिलेलं. तेवढं बोललात, तर राहीन मी इथे. नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं निघते."

"आणि परत कधी येशील?"

"कुणासाठी येऊ?"

पाळकांनी खिशातली तांबडी पेन्सिल काढून तिच्या ओल्या तळहातावर ठेवली. तिने मूठ मिटली. त्या मिटण्यात कुठेतरी आशेचा एक कण होता, निदान त्यांना तसे वाटले.

पण हात रिकामा झाला म्हणून डोके रिकामे होत नाही. जुन्या वक्त्यांनी शिकवले होते, की भाषण पाठ करू नये, मनातल्या मनात एखाद्या घरात मांडून ठेवावे. बोलताना खोल्यांमधून चालत जावे आणि जिथे जे ठेवले तिथून ते उचलावे. तीस वर्षे पाळकांनी त्यासाठी हेच घर वापरले होते. प्रस्तावना उंबरठ्यावर, कथन बैठकीत, दाखले स्वयंपाकघराच्या फळीवर. आणि शेवट, पुनरुत्थानाचे अभिवचन, नेहमी आतल्या खोलीत, पलंगावर. सकाळी दाढी करताना त्यांच्या ध्यानात आले, की आपण काहीही न ठरवता मनातल्या घरात भाषण मांडून तयार आहे. खोड जिवाबरोबरच जायची.

शवपेटी व्यासपीठाखाली होती. लेक पहिल्या बाकावर, हात मांडीवर. पाळक बोलू लागले आणि मनातल्या घरात पावले आपोआप पडत गेली. उंबरठ्यावर बायकोची चप्पल. बैठकीत तिने उसवून पुन्हा शिवलेला पडदा. फळीवर, झाकण घट्ट म्हणून तिने कधीच पुरते न लावलेला डबा. मंडळी हसली, मग डोळे टिपू लागली. सारे आपापल्या जागी होते. मग त्यांनी आतल्या खोलीचे दार लोटले.

पलंग होता. गादी गुंडाळलेली होती. उशाशी स्टूल, स्टुलावर पाण्याच्या पेल्याचे वाळलेले वर्तुळ. अभिवचन नव्हते.

त्यांनी पलंगाखाली पाहिले. भिंतीच्या कोनाड्यात पाहिले. शब्द विसरले नव्हते. शब्द जिभेवर होते, झोपेतही म्हणता आले असते. पण आज ते उचलायला गेलेल्या माणसाला कळले, की या खोलीत दर वेळी आपणच काहीतरी ठेवत आलो आणि आपणच उचलत आलो. आपल्याखेरीज इथे कुणी कधी काही ठेवलेच नव्हते. खिडकीतून ऊन येत होते. उजेड भरपूर होता. दिसायला मात्र काही नव्हते.

ते उभे राहिले. तोंड अर्धे उघडे. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला, आणि पाणी उकळीला यावे तसे सभागृह तळापासून ढवळून निघाले. 'आमेन' न म्हणताच पाळक खाली उतरले.

दफनानंतर उपपाळकाने त्यांचे दोन्ही हात धरले. हा त्यांचा जुना विद्यार्थी. ऐकले की लिहून घेई, म्हणून वर्गात त्याला टीपकागद म्हणत.

"सर, तो विराम! काटा आला अंगावर. वचन न उच्चारता ऐकवलंत."

"मला बोलताच आलं नाही रे. तिथे काहीच नव्हतं."

उपपाळकाचे डोळे चमकले. "वक्त्यानं नेहमी उणेपणा स्वतःकडे घ्यावा," तो हळूच म्हणाला, "पहिल्याच तासाला शिकवलं होतंत." आणि त्याने वही काढली.

घरी आले तेव्हा लेक स्टुलावर बॅग ठेवून तिची चेन ओढत होती.

"एकोणीस," ती म्हणाली.

"काय?"

"एकोणीस आकडे थांबलात. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण मोजलं गेलं. बारानंतर लोक रडतात आणि अठरानंतर खोकतात, तुम्हीच सांगायचात. आज कुणी खोकलंसुद्धा नाही. जिंकलात, बाबा. तेही आईच्या पेटीसमोर."

"तो विराम नव्हता, बाळा. मी शोधत होतो. तिथे... काहीच नव्हतं."

आणि त्यांना स्वतःचे वाक्य ऐकू आले. 'काहीच'च्या आधी दोन रेघा. नंतर खाली वळलेला बाण. त्यांनी शपथ घ्यायला तोंड उघडले. पण शपथ हा अलंकार होता, वर्गात तिच्यावर एक पूर्ण तास होता. गुडघे टेकणे हाही एक, आणि गप्प राहणे तर आज जगजाहीर झालेले. बाहेर पडायला एकही दार नव्हते ज्याला त्यांनी आधीच नाव देऊन ठेवले नव्हते. त्यांचा घसा दाटून आला.

लेक पाहत होती. तिचे डोळे भरले. तिचा उजवा हात बॅगेवरून सुटला आणि सहा वर्षांच्या पोरीसारखा आपोआप खांद्यापर्यंत वर गेला.

मग तिने तो हात पाहिला.

"बघा," हात खाली घेत ती म्हणाली, "अजून जमतं तुम्हाला."

तिने पेन्सिल ओट्यावर ठेवली, बॅग उचलली आणि फाटक न लावताच गेली. रिक्षाचा आवाज कोपऱ्यापर्यंत गेला आणि वळला.

पाळक स्टुलावर बसले. घर पुरते रिकामे झाले होते. ऐकायला आता कुणी नव्हते. निदान आता तरी साधे बोलता येईल, असे त्यांना वाटले.

"ती गेली," ते मोठ्याने म्हणाले.

फार सपाट झाले. क्षणभर थांबून, किंचित खालच्या पट्टीत, त्यांनी ते पुन्हा म्हटले.