कपाटातल्या सूक्ष्मदर्शकाची फिर्याद

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की बहुतेकींचे रडगाणे एकच असते. आम्हाला वापरले, झिजवले आणि मग अडगळीत टाकले! माझे नेमके उलटे झाले. वर्षानुवर्षे मला कोणी वापरले नाही, झिजवले नाही, अडगळीत तर मुळीच टाकले नाही. मला हार घातला, कुंकू लावले, काचेच्या कपाटात बसवले आणि कपाटाला कुलूप ठोकले. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि मला राग आलेला आहे. तो का आला, ते ऐका.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथे गल्लीगल्लीत शाळांसाठी तराजू, चंचुपात्रे, भिंगे अशी उपकरणे बनतात. एका कारागिराने माझ्या नळीत भिंगे बसवली, खाली आरसा लावला, एक डोळा मिटून दुसरा मला टेकवला आणि म्हणाला, हा चांगला निघाला. एवढीच काय ती माझी पहिली शाबासकी. मग मला थर्माकोलमध्ये गुंडाळून नागपूरच्या गाडीत चढवले.

मी नागपूरला आलो तो दीप्ती गजभिये मॅडममुळे. जरीपटक्याच्या पुढे एक शाळा आहे. तिचे नाव सांगत नाही, कारण अशी शाळा ती एकटीच नाही. मॅडम तिथे विज्ञान शिकवत. फळ्यावर पेशीचे चित्र काढून काढून त्यांना वैताग आला होता. ज्या पोरांनी पेशी कधी बघितलीच नाही, त्यांनी तिचे वर्णन पाठ करून लिहायचे, हे त्यांना खोटेपणाचे वाटे. शाळेकडे उपकरणांसाठी पैसे नव्हते. मग मॅडमनी स्वतःच शोधायला सुरुवात केली.

मित्रांनो, शाळेसाठी अनुदान शोधणे म्हणजे कडब्याच्या ढिगात सुई शोधणे. एका संस्थेला फक्त मुलींची शाळा हवी, दुसरीला फक्त खेड्यातली, तिसरीची मुदत कालच संपलेली. रिकाम्या तासाला मॅडम मोबाइलवर वाचत बसत, अर्ज लिहीत, सह्यांसाठी मागे लागत. शिक्षकांच्या खोलीत सुशील सर हसायचे.

"मॅडम, काहून डोकं फोडून राहिल्या तुम्ही? आपल्याले कोन देते?"

"न मागता तर नक्कीच कोणी देत नाही, सर," मॅडम म्हणायच्या आणि पुढचा अर्ज उघडायच्या.

नकार येत राहिले. काहींनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. शेवटी पुण्याच्या एका न्यासाने होकार कळवला आणि मी आलो. हे सगळे मी मॅडमच्याच तोंडून ऐकले आहे.

मी आलो त्या दिवशी शाळेच्या मैदानात मंडप होता. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आले. त्यांना सगळे भैयाजी म्हणतात. त्यांनी माझ्यासमोर नारळ फोडला, मला हार घातला आणि माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. मुले रांगेत उभी होती. ती माझ्याकडे अशी बघत होती, जशी तुम्ही जत्रेतल्या पाळण्याकडे बघता. मला वाटले, आता येतील, डोळा लावतील. मॅडमनी कांद्याचा पापुद्रासुद्धा तयार ठेवला होता.

भैयाजींनी हात वर केला. "आज नाही मॅडम. पोट्टे तोडून टाकतीन. महागाची वस्तू आहे, नीट ठेवा."

मुख्याध्यापक मधुसूदन सरांनी लगेच मला उचलले आणि आपल्या खोलीतल्या कपाटात ठेवले. सर वाईट मनुष्य नव्हते. मुलांना मारत नसत, शिक्षकांना घालूनपाडून बोलत नसत. पण ते भित्रे होते. भिंग फुटले, स्क्रू हरवला, तर जबाबदारी आपल्यावर येईल, एवढेच त्यांना दिसे. किल्ली त्यांच्या पँटच्या खिशात राही.

"सर, उद्या आठवीचा तास आहे. सूक्ष्मदर्शक देता का?" मॅडम विचारत.

"उद्या नको. तपासणी होऊन जाऊ द्या."

तपासणी होई. मग परीक्षा येई. मग सुट्ट्या लागत. सुट्ट्यांनंतर पुन्हा कुठलीतरी तपासणी असेच.

मी बाहेर येत नसे असे मात्र नाही. पाहुणे आले की मला टेबलावर मांडत. एखाद्या गोऱ्यागोमट्या, इस्त्रीच्या गणवेशातल्या मुलाला माझ्यापुढे वाकवत आणि फोटो काढत. त्याच्या डोळ्याखाली काचपट्टी नसे, आरशावर उजेड नसे. पोरगा काळोख बघत असे आणि हसत असे, कारण त्याला हसायला सांगितलेले असे. त्या फोटोंवर शाळेला 'उपक्रमशील शाळा' म्हणून पुरस्कार मिळाला. त्याचा अर्जही मॅडमकडूनच लिहून घेतला होता. शाल मधुसूदन सरांच्या खांद्यावर पडली, ढाल भैयाजींनी स्वीकारली. ती भलीमोठी ढाल आणून माझ्याच कपाटात, माझ्यापुढे उभी केली. तेव्हापासून मला खोलीही धड दिसेना. ज्या मुलांच्या नावाने मला मागितले, त्यांचे फक्त आवाज कानावर येत.

उन्हाळ्यात नागपूर कसे भाजून निघते ते तुम्हाला ठाऊक आहे. सरांच्या खोलीत कूलर चाले आणि त्याची ओली हवा थेट माझ्या कपाटावर येई. मला आत काहीतरी होत होते. काय, ते मला तेव्हा कळले नाही.

अशी वर्षे गेली. मग एके दिवशी कपाटासमोर एक नवा आवाज आला. पायल रामटेके, नववीची. तिची आई सिंधूताई कळमन्याच्या बाजारात संत्री निवडायचे काम करते. चांगली एका बाजूला, सडकी दुसऱ्या बाजूला. पायल सुटीच्या दिवशी आईबरोबर जाई आणि तिथे तिला एक प्रश्न पडला होता. तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, ठेवलेली संत्री आधी सडतात की कागदात गुंडाळलेली? आणि संत्र्यावर येणारी हिरवी बुरशी आणि पांढरी बुरशी एकच की वेगवेगळी?

मॅडमनी तिच्यासाठी एक शिष्यवृत्ती शोधून काढली होती. नववीतल्या मुलांनी स्वतः एक प्रयोग करून पाठवायचा. निवड झाली, तर बारावीपर्यंतच्या शिक्षणाचा खर्च शिष्यवृत्ती देणारी संस्था करणार. पुन्हा संधी नाही, कारण ती फक्त नववीसाठीच होती.

"सर, मले फक्त बुरशी पाहाची आहे," पायल म्हणाली. "इथंच पाहतो, तुमच्यासमोर. हात नाही लावत, मॅडम लावतीन."

"बेटा, सडकी संत्री घेऊन ऑफिसात? आणि त्या भिंगाला लागलं म्हणजे?"

"सर, तो त्यासाठीच आहे," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, दोन-तीन महिन्यांत न्यासाचे लोक येऊन राहिले. प्रयोगशाळेसाठी मोठं अनुदान मागितलंय भैयाजींनी. तोपर्यंत वस्तू नवी दिसली पाहिजे. मला अडचणीत आणू नका."

मित्रांनो, मला हात असते तर मी आतून काच फोडली असती. पायलच्या चपलांचा आवाज दारापर्यंत गेला आणि थांबला. मग निघून गेला.

तरीही तिने प्रयोग केला. घरी पत्र्याखाली संत्री मांडली, काही तणसात, काही कागदात. हातातल्या साध्या भिंगाने जेवढे दिसले तेवढे चितारले. अर्ज गेला. काही आठवड्यांनी उत्तर आले, ते मॅडमनी मधुसूदन सरांच्या टेबलासमोर उभे राहून मोठ्याने वाचले. परीक्षकांनी लिहिले होते की कल्पना उत्तम आहे, मांडणीही चांगली आहे. पण बुरशीची सूक्ष्मदर्शकातून केलेली निरीक्षणे नाहीत. आपल्या शाळेच्या माहितीपत्रकात सूक्ष्मदर्शकाचे छायाचित्र आहे. साधन असूनही विद्यार्थिनीने ते वापरण्याची तसदी घेतली नाही, हे खेदजनक आहे.

तसदी घेतली नाही! हे शब्द मी ढालीमागून ऐकले. नाकारले ते पायलला, आणि वर आळशीही ठरवले तिलाच.

दुसऱ्या दिवशी सिंधूताई शाळेत आल्या. बाजारातून थेट आल्या असाव्यात, खोलीत संत्र्यांचा वास पसरला.

"सर, तुमच्या फोटोत तं ते दुर्बीण दिसते. मग माह्या पोरीले काहून नाही देल्ली?"

"ताई, नियम असतात..."

"कोन्ता नियम जी? पोरीच्या नावानं आनाचं आन् पोरीलेच दाखवाचं नाही, हा नियम?"

सर टेबलावरचे कागद चाळू लागले. उत्तर माझ्याकडे होते, पण मला तोंड नव्हते.

पुढच्या महिन्यात न्यासाकडून अदितीताई आल्या. मला बाहेर काढून मखमली कापडावर ठेवले. भैयाजी जातीने हजर होते. चहा झाला, ढाल दाखवून झाली. अदितीताई म्हणाल्या, "एखाद्या मुलाला बोलवा ना. वापरून दाखवू दे."

सरांनी नेहमीच्या इस्त्रीवाल्या मुलाला खूण केली. पण त्याआधीच मॅडम दारात जाऊन उभ्या राहिल्या. "पायल, ये वं इकडे. तुझं संत्रं घेऊन ये."

पायल आली. तिने कधी मला हात लावला नव्हता, पण मॅडमनी चित्रावरून सगळे शिकवले होते. तिने बुरशीचा कण काचपट्टीवर घेतला, आरसा खिडकीकडे वळवला आणि डोळा टेकवला. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्यातून खरोखर बघत होते. मी जीव तोडून दाखवायचा प्रयत्न केला. पायलने नळी वर केली, खाली केली.

"मॅडम, सगळं धुकटच दिसून राहिलं. जाळ्यावानी."

अदितीताईंनी माझे भिंग काढून उजेडात धरले. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले होते. बुरशी! ज्या पोरीला बुरशी बघायला मिळाली नाही, तिला हवी असलेली बुरशी माझ्याच डोळ्यात वाढली होती.

"हा किती वापरात आहे?" त्यांनी विचारले.

"रोज," भैयाजी म्हणाले. "रोज मुले बघतात."

अदितीताई पायलकडे वळल्या. "तू किती वेळा बघितलंस?"

पायलने आधी भैयाजींकडे पाहिले, मग मॅडमकडे.

"पोरीला नका विचारू, मला विचारा," मॅडम म्हणाल्या. "अर्ज मी लिहिला होता. मुलांसाठी मागते म्हणून लिहिला होता. आजपर्यंत एकाही मुलाने यातून काही पाहिलेलं नाही. हिची शिष्यवृत्ती याच्यापायी गेली. तुम्ही प्रयोगशाळा दिली, तर तिलाही कुलूपच लागेल. देऊ नका."

"मॅडम! नोकरी करून राहिल्या की दुश्मनी?" भैयाजी ओरडले.

"नोकरीच करून राहिली, भैयाजी. शिकवायची."

मधुसूदन सरांनी खिशात हात घातला. किल्ली काढली आणि कुणाकडे न बघता ती मॅडमपुढे टेबलावर ठेवली. त्या भित्र्या माणसाच्या आयुष्यातले ते सगळ्यात धाडसाचे काम असावे. मी त्यांना माफ केले की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

प्रयोगशाळेचे अनुदान अर्थातच नाकारले गेले. मॅडमना संस्थेकडून कारणे दाखवा नोटीस मिळाली. 'शाळेची प्रतिमा मलिन केली,' म्हणे! ते प्रकरण अजून चालू आहे. अदितीताईंनी त्या शिष्यवृत्तीच्या परीक्षकांना सगळे कळवले. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, पण जागा भरल्या होत्या, आणि पायल दहावीत गेली होती. ती आता अकरावीत आहे. पहाटे आईबरोबर कळमन्याला जाते आणि तिथून कॉलेजला. दिलगिरीने फी भरता येत नाही.

माझी भिंगे मात्र साफ करून आणली. मी वर्गात आलो त्या पहिल्याच दिवशी मॅडमनी पायलला आणि सिंधूताईंना बोलावले. पायलने हिरव्या बुरशीचा कण ठेवला. बराच वेळ तिने डोळा काढलाच नाही. मग आईला पुढे केले. सिंधूताईंनी पदराने हात पुसले आणि त्या वाकल्या.

"माय वं! हे तं झाडंच झाडं हायेत. फुलंबी आली हायेत यायले." थोडा वेळ त्या बघत राहिल्या. मग सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा कठीण झाला. "एवढंच पाहाचं होतं ना पोरीले? यासाठी इतकं केलं यायनं?"

पायलने पुन्हा डोळा लावला.

आता मी रोज हाताळला जातो. पोरे माझ्यावर तुटून पडतात, भांडतात, धक्के देतात. एक काचपट्टी फुटली, आभाळ कोसळले नाही. मॅडम मधल्या सुट्टीत अजूनही मोबाइलवर शिष्यवृत्त्या शोधतात, आताच्या नववीसाठी.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, असे तुम्हाला सांगून अशा गोष्टी संपतात. मी तसे सांगणार नाही. तुमच्या शाळेतही एखादे कपाट असेल. त्यात तुमच्या नावाने आलेली बाजाची पेटी असेल, नकाशे असतील, कॅरम असेल, पुस्तके असतील. जा आणि मागा. एकदा नाही म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागा. तुमच्या हातून ते मोडले तर मोडू द्या. मोडलेली वस्तू दुरुस्त होते. सरून गेलेली नववी दुरुस्त होत नाही.