केळ्याचा नैवेद्य आणि उतरलेली साखर

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूबनात स्वामी चैतन्यप्राणांच्या योगशिबिरासाठी दोनशे चटया अंथरल्या होत्या. वसईच्या एव्हरशाईन सिटीतून, विरारहून, थेट नाशिकहून माणसे आली होती; कुणी पाठीसाठी, कुणी झोपेसाठी, कुणी दोन दिवस फोनपासून सुटका हवी म्हणून. ती गरज खरी होती. सकाळच्या आसनांनंतर अनेकांचे चेहरे खरोखर सैलावले. संताप येतो तो पुढच्या भागाचा.

माझी धाकटी बहीण हंसा बाराव्या वर्षापासून इन्सुलिनवर आहे. तिचे शरीर ते तयारच करत नाही. आदल्या दिवशी स्वामींच्या शिष्याने तिची साखर मोजली: तीनशे चाळीस. तासभर प्राणायामानंतर: एकशे तीस. टाळ्या पडल्या. आज ती इन्सुलिन टोचायचे पेन समुद्रार्पण करणार होती.

"दादा, आकडा यंत्राने दाखवला. तुझ्या विज्ञानाच्याच यंत्राने."

त्याचे उत्तर होते रोवेनाकडे. ती आगाशीची नर्स, कंबरदुखीसाठी आलेली.

"स्वामीजी, माझी पन मोजा."

"बेटी, तुझ्या पेशींत भय साठले आहे. भय वितळले की साखर वितळते."

"वितळू दे. आधी मोजा."

मोजण्यापूर्वी प्रत्येकाने केळे सोलून, हाताने कुस्करून नैवेद्य दाखवायचा, असा नियम होता. रोवेनाने तो पाळला. शिष्याने बोट टोचले. तीनशे बारा.

स्वामींनी हळहळून डोळे मिटले.

"मला मधुमेह नाय, बाबा," रोवेना म्हणाली. तिने साबणाने हात धुतले, पुसले आणि त्याच यंत्रावर पुन्हा थेंब दिला. ब्याण्णव. "प्रानायाम केलाच नाय. नुसता साबन."

बोटावर वाळलेला केळ्याचा रस रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि यंत्र त्याचीही साखर मोजते. प्राणायामानंतरच्या मोजणीआधी मात्र 'हस्तशुद्धी' असे, म्हणजे हात धुणे. हंसाचा पहिला आकडा केळ्याचा होता. दुसरा तिचा, तोही त्या सकाळी घेतलेल्या इन्सुलिनमुळे.

"श्रद्धा नसेल तिथे यंत्रही भ्रमते," स्वामी म्हणाले.

"यंत्राला श्रद्धा नसते, म्हणूनच तर तुम्ही ते आनलंत."

हंसाने हलक्या आवाजात विचारले, "पेन टाकलं असतं तर?"

"दोन दिवसांत आयसीयू. उशीर झाला असता तर शवपेटी," रोवेना म्हणाली.

हंसाने पेन पर्समध्ये ठेवले. समुद्रात सोडण्यासाठी शिष्याच्या थाळीत इतरांची सात पेने आधीच जमली होती. रोवेनाने ती ज्याची त्याला परत केली. एका गृहस्थांनी आपले पेन घेतले नाही. "मला बरं वाटतंय," ते म्हणाले. त्यांच्या पत्नीने ते मुकाट्याने उचलले.

आसने जरूर करा. पाठीला, श्वासाला, झोपेला त्यांचा उपयोग होतो. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि कुणी चमत्काराचा आकडा दाखवलाच, तर त्याला एवढेच विचारा: मोजण्यापूर्वी हात धुतले होते का?