भंगार म्हणता? कोंडाबाईंना विचारा

मी एक जुना एमआरआय आहे, मित्रांनो. जुना आहे, भंगार नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली दोन वर्षं माझ्यासमोर उभं राहून मला भंगार म्हणायची इथं पद्धतच पडली आहे. लोकांना वाटतं, मला ऐकू येत नाही. अहो, माणसाच्या अंगातल्या पाण्याची बारीक हाक ऐकून मी त्याच्या पोटाचं चित्र काढतो. मग तुमची कुजबुज मला ऐकू येणार नाही होय?

माझा जन्म सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. मैलोगणती तार गुंडाळून माझा लोहचुंबक घडवला आणि ती तार थंड राहावी म्हणून पोटात हेलियम भरला. तो इतका गार की धाराशिवच्या मे महिन्याला मी आतून हसत असतो. सुरुवातीची वर्षं मोठ्या शहरात गेली. तिथं नवा आला आणि मला ट्रेलरवर चढवून इकडं पाठवलं. येडशीजवळ उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता. मी ताडपत्रीखाली तीन तास उभा. एक ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, "ही मळीची टाकी कोणत्या कारखान्याला चालली?" माझा अपमान तिथूनच सुरू झाला म्हणा ना!

पण इथं आलो तेव्हा कौतुकही झालं. नारळ फुटला, हार घातला. हारात एक टाचणी राहिली होती, ती सुसाट येऊन मला चिकटली आणि जमलेली मंडळी दोन पावलं मागं सरली. तेव्हापासून शुभांगी नावाची मुलगी मला चालवते. दारात उभी राहून ती सगळ्यांचे खिसे तपासते, किल्ल्या काढून घेते, माझा एसी बंद पडला तर मालकाशी भांडते. बाकी कुणी विचारत नाही. माझा रंग उडाला, माणसाला निजवून आत घ्यायच्या पाळण्याचं रेक्झिन फाटलं. गुडघे आणि मणके तेवढे माझ्या वाट्याला यायचे. यकृत म्हटलं, की लोक थेट पुण्याची बस पकडायचे.

अशात एके दिवशी माकणीच्या कोंडाबाई आल्या. साठीच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. गावात त्यांची पिठाची गिरणी. गॅसचा त्रास होतो म्हणून सोनोग्राफी केली, तर यकृतात लिंबाएवढी गाठ निघाली. झालं! घरच्यांनी पुढचं सगळं मनातल्या मनात ठरवून टाकलं. गिरणीला कुलूप लागलं, कोंडाबाईंना खाटेवर निजवलं आणि तीन आठवडे पाहुणे येऊन डोळे पुसून जाऊ लागले. जित्या माणसाला असं भेटून जातात का हो कुणी?

त्यांचा मुलगा श्रीमंत सोबत होता. मला बघून त्याचं तोंडच उतरलं. आमच्या रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर अर्पिता यांना तो म्हणाला, "मॅडम, ह्या डब्यात दिसंल का? आमी पुण्यालाच नेतो की."

कोंडाबाई मधेच कडाडल्या, "पुण्याला जाऊन इचारायचं ते हितंच इचारते. जे हाय ते हाय."

मला ही बाई तिथंच आवडली.

डॉक्टर अर्पितांनी त्याला नीट समजावलं. गाठ आहे एवढं कळून भागत नाही, ती कसली आहे ते कळायला हवं. त्यासाठी हाताच्या शिरेतून औषध सोडायचं आणि ते गाठीत कसं शिरतं ते बघायचं. कर्करोगाची गाठ बऱ्याचदा चटकन उजळते आणि तशीच विझते. साध्या रक्तवाहिन्यांचा गुंता असेल, तर तो कडेकडेनं हळूहळू भरत जातो आणि भरलेला राहतो. पहिलं चित्र औषध पोचताच घ्यायचं. तेवढे पंधरा-वीस सेकंद श्वास सोडून गप्प राहायचं, कारण श्वासासोबत यकृत वरखाली होतं. ते चित्र हुकलं तर औषध वाया, आणि त्या दिवशी दुसऱ्यांदा ते देता येत नाही.

म्हणून शुभांगीनं आधी औषधाविना तालीम घेतली. कोंडाबाईंच्या कानाला हेडफोन लावले, पोटावर पट्टा बांधला आणि पलीकडच्या खोलीतून सांगितलं, "श्वास सोडा. थांबा." मी धडधड सुरू केली. चित्र आलं, आणि सगळं यकृत फिसकटलेलं! दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

"म्हणलं नव्हतं? खटारा हाय," श्रीमंत म्हणाला. डॉक्टर अर्पिताही हळूच म्हणाल्या, "शुभांगी, पाठवायचं का यांना पुण्याला?"

मित्रांनो, माझ्या जिवाचा संताप झाला! कारण मला ठाऊक होतं. चूक माझी नव्हती. पण मला तोंड कुठं आहे सांगायला?

"मशीन ठीक आहे," शुभांगी हट्टानं म्हणाली. "थांबा, मी आत जाऊन बघते." तिनं मला गप्प ठेवलं, कोंडाबाईंच्या डोक्याशी येऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "श्वास सोडा. थांबा."

माझ्या पोटातून खणखणीत उत्तर आलं, "व्हय बाई, थांबले!"

शुभांगीनं कपाळावर हात मारला. "मावशी, तुम्ही दर वेळी बोलताय?"

"मग? तू सांगतीस आन् म्या दगडावानी पडून ऱ्हाऊ? सांगणाराला ओ द्यायची न्हाय म्हंजी माज केल्यावानी हुतंय."

"पण बोललात की श्वास जातो. आता बोलायचं नाही."

"बरं."

पुन्हा तालीम. "श्वास सोडा. थांबा."

"न्हाय बोलत, बाई!"

डॉक्टर अर्पिता हसल्या, पण हसून काय होणार? गिऱ्हाइकाच्या प्रत्येक हाकेला ओ द्यायची चाळीस वर्षांची सवय ती. शुभांगीनं विचारलं, "मावशी, तुम्ही गप्प कधी असता का हो?"

कोंडाबाईंनी विचार केला. "चातुर्मासात जेवताना. मुक्यानं जेवायचा नेम हाय माझा. घर पेटलं तरी तोंडातून हूं न्हाय की चूं न्हाय."

"मग समजा, ताट वाढलंय. पहिला घास घेतलाय."

"सकाळधरनं उपाशी ठिवलंस आन् ताट वाढलंय म्हणतीस? लई चावट हायस की गं तू." पण मग त्यांनी डोळे मिटले, कपाळाला हात लावून कसलासा नमस्कार केला आणि ओठ मिटून घेतले.

या तालमीत चित्र काचेसारखं लख्ख आलं. शुभांगीनं मान हलवली आणि शिरेतून औषध सोडलं. "श्वास सोडा. थांबा." कोंडाबाई चिडीचूप. आता पाळी माझी होती. खोटं कशाला सांगू, मी भ्यालो होतो. या बाईनं आपला नेम पणाला लावला होता आणि मी कमी पडलो असतो, तर मला भंगार म्हणणारे खरे ठरले असते. मी जीव खाऊन ऐकलं. पाण्याच्या थेंबाथेंबाची हाक ऐकली.

पहिलं चित्र आलं. गाठीच्या फक्त कडेला उजळ ठिपके. दुसऱ्या चित्रात ते ठिपके आत सरकले. तिसऱ्यात आणखी आत. पाच मिनिटांनी गाठ जवळजवळ भरली होती आणि विझायचं नावच घेत नव्हती. डॉक्टर अर्पिता पडद्याजवळ वाकल्या. कितीतरी वेळ त्यांनी सगळी चित्रं पुढं-मागं करून पाहिली.

मग त्यांनी श्रीमंतला आणि कोंडाबाईंना समोर बसवलं. "हा कर्करोग नाही. रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, कदाचित जन्मापासूनचा. कापायचं काही नाही. सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी करून दाखवा, म्हणजे झालं."

श्रीमंत ढसाढसा रडला. कोंडाबाईंच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. त्या मुलाकडं बघत म्हणाल्या, "तीन आठवडं मला जितेपणी निजवलंत रं! कुणी एकानं तरी म्हणायचं, आधी नीट बघू म्हणून." आणि उठताना म्हणाल्या, "चल बिगीबिगी. निम्म्या गावाचं दळण आडलंय."

मित्रांनो, मागच्याच आठवड्यात दोघं जण टेप घेऊन माझी खोली मोजून गेले. नवा आणायचा म्हणे. आणा! माझी ना नाही. पण तोवर माझा एसी चालू ठेवा, हेलियमवर लक्ष ठेवा, आत येताना खिशातलं लोखंड बाहेर काढून ठेवा. आणि माणूस असो की यंत्र, नीट बघितल्याशिवाय कुणाला संपलं म्हणू नका. माझ्यावर विश्वास नसेल, तर माकणीला जा. सकाळी आठ वाजता गिरणीसमोर डबे घेऊन उभे राहा, आणि दळण घालणाऱ्या कोंडाबाईंनाच विचारा, भंगार कुणाला म्हणायचं ते!