बारा मिनिटांची हजेरी

त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथेच सुरक्षित होतं. कचेरीत आलेलं पत्र हातात घ्यायचं, त्यावर क्रमांक घालायचा, गोल शिक्का मारायचा आणि ज्याचं त्याच्या टेबलावर नेऊन टाकायचं, हे काम ते एकोणीस वर्षं करत होते. म्हणून सगळे त्यांना आवकराव म्हणत. घरी बायको ‘अहो’ म्हणे. या दोन हाकांवर त्यांचं बरं चाललं होतं.

तेवढ्यात त्यांना छंद लागला. या वयात माणसं कुंड्या आणतात, फार तर बासरी आणून शेजाऱ्यांना छळतात. आवकरावांनी कॅमेरा आणला, आणि तोही खिशात मावणारा नव्हे. गल्लीच्या टोकाचे स्टुडिओवाले काका दुकान बंद करत होते. त्यांच्याकडची लाकडी पेटी, तिचा भाता, तीन पायांची घोडी आणि काळं कापड हे सारं कुणीतरी एकदाचं घेऊन जावं म्हणून ते वाटेकडे डोळे लावून बसले होते. आवकराव सहज चौकशीला गेले, ते घोडी खांद्यावर टाकूनच परतले.

“हे काय आणलंत?” बायकोनं दारातच विचारलं.

“कॅमेरा.”

“मला वाटलं पेटीला पाय फुटले. आता सूर लावणार की काय!”

या कॅमेऱ्यात रीळ नसतं. तळहाताएवढी एकेक फिल्म मिट्ट काळोखात एका चपट्या डबीत सरकवायची, डबीला सरकतं झाकण घालायचं, डबी कॅमेऱ्याच्या पाठीत खोचायची आणि मगच झाकण काढायचं. घरातली मिट्ट काळोखाची एकमेव जागा म्हणजे न्हाणीघर. दाराच्या फटीला टॉवेल कोंबून आवकराव आत बसत आणि बाहेरून दार वाजे.

“अहो, किती वेळ?”

“दार ढकलू नकोस! फिल्म उघडी आहे!”

“फिल्म असू दे. तुम्ही कपड्यांत आहात ना? मग या बाहेर, मला केस धुवायचेत.”

पहिल्या फोटोच्या वेळी डबीचं झाकण काढायचंच राहिलं. दुसऱ्या वेळी झाकण निघालं, पण भिंगावरचं टोपण जागच्या जागी. तिसऱ्या वेळी दोन्ही काढलं आणि त्या आनंदात डबीही बाहेर काढून बघितली. चौथ्या वेळी सगळं यथासांग झालं. फिल्म तेवढी पाठमोरी बसली होती. चारही धुतल्यावर दोन कोऱ्या निघाल्या, एक काळीकुट्ट, आणि चौथीत काहीतरी होतं. आवकरावांच्या मते ती बायको होती. बायकोच्या मते गॅसची टाकी.

“घाई नडते तुला,” काका म्हणाले. “भिंगाचं भोक जितकं बारीक, तितकं चित्र लख्ख. उजेड कमी असला तर वेळ वाढव. आणि कमी उजेडात फिल्म आळशी होते, हे ध्यानात ठेव. हिशेबानं चार मिनिटं आली तर बारा दे.”

“बारा मिनिटं? माणूस हलेल की काका.”

“मग माणसं कशाला काढतोस? भांडी काढ.”

आवकरावांनी महिनाभर भांडी काढली. भांडी चांगली आली. पातेल्याचा पोचा न् पोचा मोजून घ्यावा. बायकोनं तो फोटो पाहून पातेलं मोडीत दिलं.

अशात मुख्यालयाचं पत्र आलं. आवकरावांनीच त्यावर शिक्का मारला. प्रत्येक शाखेनं आपल्या दालनाचा, प्रत्यक्ष काम चालू असतानाचा, एक फोटो पाठवावा. त्यावरून किती पदं ठेवायची ते ठरेल.

साहेबांनी त्यांना आत बोलावलं. “आवकराव, तुमच्याकडे तो मोठा कॅमेरा आहे म्हणे. टेबलावरच्या टाचण्या मोजता येतात असं ऐकलं.”

“येतात साहेब. भोक बारीक ठेवलं तर.”

“मग ठेवा बारीक. मोबाइलवरचा फोटो म्हणजे आपण कामचलाऊ आहोत असं दिसतं.”

आता त्या दालनाच्या खिडक्यांपुढे फायलींची कपाटं उभी होती आणि उजेड कपाटांवरून जेमतेम डोकवायचा. हिशेबानं चार मिनिटं आली, म्हणजे बारा. आवकरावांनी घोडी उभी केली, काळं कापड डोक्यावर घेतलं आणि मागच्या दुधी काचेत पाहिलं. काचेत सगळं उलटं दिसतं. अख्खी कचेरी खाली डोकं वर पाय करून काम करत होती. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर त्यांना त्यात नवल असं काही वाटलं नाही.

“कॅमेऱ्याकडे बघू नका. रोजच्यासारखं काम करा,” त्यांनी सांगितलं आणि भिंगावरचं टोपण काढलं.

या सूचनेचा पहिला भाग लोकांनी पाळला. पदं जाणार म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाई टाइपिंग सोडून शिडीवर चढल्या आणि वरच्या फळीवरचे गठ्ठे खाली आणू लागल्या. रोखपाल ते गठ्ठे पुन्हा वर नेऊ लागला. जो शिपाई घंटा तीनदा वाजवल्याशिवाय उठत नसे, तो घंटेची वाट न बघता या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता. त्या बारा मिनिटांत त्या दालनात जेवढं काम झालं, तेवढं मागच्या दोन वर्षांत झालं नव्हतं.

हलले नाहीत फक्त हेडक्लार्क. त्यांना खाजगीत खांब म्हणत. कचेरीचे आधारस्तंभ म्हणून नव्हे. सकाळी हनुवटी तळहातावर टेकवली, की मधल्या सुट्टीपर्यंत ते तसेच. डोळे उघडे असत, त्यामुळे कुणाला काही म्हणता येत नसे.

आवकरावांनी न्हाणीघरात फिल्म धुतली आणि उजेडात धरली. आयुष्यातला पहिला निर्दोष फोटो होता. टाचण्या मोजता येत होत्या. बावीस खुर्च्या स्वच्छ दिसत होत्या, कारण त्यांत कुणीच नव्हतं. शिडी होती, शिडीवर बाई नव्हत्या. फळीपाशी वाफेसारखं काहीतरी होतं, ते बाईंचं काम. आणि मधोमध, कानातला केस न् केस मोजता येईल इतके लख्ख, खांब बसले होते. पेन समोर, नजर फायलीवर.

“बरोबरच आहे,” काका म्हणाले. “बारा मिनिटं जो एका जागी थांबतो, तोच उमटतो. धावणारा उमटायच्या आत पुढे गेलेला असतो.”

“मग कामाचा फोटो काढायचा कसा?”

“भांडी काढ म्हटलं होतं तुला.”

आवकरावांनी फोटो दडवायचा ठरवलं, पण मुदत संपत आली होती. साहेबांनी टाचण्या मोजल्या, खूश झाले आणि माणसं न मोजताच पाकीट बंद केलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. ऐन कामाच्या वेळी दालनात एकच कर्मचारी काम करताना आढळल्यामुळे त्यास प्रशस्तिपत्र देण्यात येत असून उरलेली बावीस पदं अनावश्यक दिसतात. पंधरा दिवसांत तपासनीस येतील आणि त्यांच्यासमोर, त्याच कॅमेऱ्यानं, पुन्हा फोटो काढण्यात यावा.

दालनानं आवकरावांना घेरलं.

“मी शिडीवर होते की नव्हते?” बाई म्हणाल्या.

“होता.”

“मग दिसत का नाही? गुडघे अजून दुखताहेत माझे.”

“बाई, तुम्ही काम करत होता म्हणून दिसत नाही.”

“हे तुम्ही मुख्यालयाला सांगाल?”

आवकरावांनी शिक्का उचलला आणि समोरच्या पत्रावर मारला. घरी त्यांना झोप येईना, आणि रोखपालाला सोडून इतर कुणालाही ती लागत असेल असं वाटेना. रोखपालाला लागायची, कारण त्याचा सासरा मुख्यालयात होता. आपलं सोडून आणखी एकवीस घरांचा घास आपल्या भिंगाच्या बारीक भोकामुळे जाणार, हा विचार आवकरावांच्या डोक्यातून हटेना. शेवटी ते खांबांपुढे जाऊन उभे राहिले. “नाना, आम्हाला बसायला शिकवा.”

खांबांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मधल्या सुट्टीआधी हनुवटी उचलली. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली.

“खाज येईल. येऊ द्या. दखल घेतली नाही की अर्जासारखी आपोआप निकालात निघते,” खांब सांगत. “श्वास हळू घ्या, कुणी बघत नाहीये. बाई, पापणी लवली तर चालेल, मान हलवू नका. आणि शिपायानं हातात फाइल धरावी. फाइल धरलेला माणूस कधीच रिकामा दिसत नाही.”

दहा दिवसांत बाई नऊ मिनिटांवर आल्या. शिपाई जन्मजात तयार होता.

तपासनीस आले तेव्हा एकजण पुतळ्यासारखा पेन टेकवून, दुसरा फोन कानाला लावून, बाई दहाही बोटं टाइपरायटरवर ठेवून बसल्या होत्या. आवकरावांनी टोपण काढलं. बारा मिनिटं दालनात काहीएक काम झालं नाही. फक्त तपासनीस प्रत्येक टेबलापाशी जाऊन वाकून बघत होते, नोंदी करत होते, शिडी हलवून बघत होते.

फोटो अप्रतिम आला. बावीस माणसं कामात गर्क. तपासनीस कुठेच नव्हते.

मुख्यालय प्रसन्न झालं. बावीसही पदं कायम झाली. तपासनिसांना मात्र, त्या दिवशी आपण नेमके कुठे होतात, असा खुलासा विचारण्यात आला. दालनात बाईंनी आनंदानं खुर्ची सरकवली, शिपायानं घंटा नसताना पाणी आणून दिलं, आणि तेवढ्यात आवकरावांनी पत्र पुढे वाचलं. दुसरा परिच्छेद त्यांच्यासाठी होता. दाराशेजारची खुर्ची दोन्ही फोटोंत रिकामी आहे. सबब आवक-जावक कारकुनाचं पद अस्तित्वात नाही असं समजून ते रद्द करण्यात यावं.

साहेबांनी मनापासून लिहिलं, की तो कर्मचारी त्या वेळी कॅमेऱ्यामागे होता. उत्तर आलं, की शाखेत छायाचित्रकाराचं पद मंजूर नाही. सबब कॅमेऱ्यामागे कुणी असू शकत नाही.

रद्द करण्याचा अंतिम आदेश शुक्रवारी आला. जाड लिफाफा, लाल लाखेचा शिक्का. आवकरावांनी तो न फोडता, न नोंदता, पिशवीत घालून घरी आणला आणि ताटाशेजारी ठेवला. एकवीस घरं वाचली होती आणि बुडालेल्या एका घरात ते स्वतःच जेवायला बसले होते.

“यात काय आहे?” बायकोनं विचारलं.

“मी नाही, असं आहे.”

त्यांनी सगळं सांगितलं. बायकोनं वाढता वाढता ऐकलं. मग पळी हातातच ठेवून म्हणाली, “कचेरीत आलेलं पत्र कोण घेतं?”

“मी.”

“दुसऱ्या कुणी घेतलं तर चालतं?”

“छे! नियमात बसत नाही. माझा क्रमांक पडल्याशिवाय पत्र पोचलंच नाही असं धरतात.”

“आणि तुम्ही तर नाहीच.”

“नाही.”

“मग हे घेतलं कोणी?”

आवकरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी लिफाफ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि आपल्या फोटोला गॅसची टाकी म्हटल्याबद्दल तिला मनातल्या मनात माफ केलं.

सोमवारी ते वेळेवर दाराशेजारच्या खुर्चीत बसले. लिफाफ्याच्या पाठीवर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘आवक-जावक कारकुनाचं पद अस्तित्वात नसल्यामुळे पत्र स्वीकारण्यास कुणी नाही. परत.’ मग ते पत्र जावक वहीत चढवलं, कारण जाणाऱ्या पत्राची नोंद झालीच पाहिजे, आणि टपालात टाकलं.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा आलं. आवकरावांनी पुन्हा परत केलं. आता दर महिन्याला येतं. साहेब विचारतात, “आलं का?” आवकराव म्हणतात, “आलं साहेब, पण मिळालं नाही,” आणि पगारपत्रकावर सही करायला रोखपालाकडे जातात.